दुसऱ्याच्या रानात

लासुर्ण्यात माणसाला ताण येतो तो बहुतेक वेळा उघड्यावरच. शहरातला माणूस चार भिंतींत बसून वैतागतो आणि मोकळ्या हवेत गेला की हलका होतो, असे पुस्तकांत लिहिलेले असते. ती पुस्तके लिहिणाऱ्याला रात्री दोन वाजता उठून विहिरीवरची मोटार चालू करायची नसते. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या या गावात मोकळ्या हवेची टंचाई कधीच नव्हती. उंबरा ओलांडला की रान, आणि रानात पाऊल टाकले की कटकट. डीपी जळालेला असतो. थ्री फेज लाईट या आठवड्यात रात्रीची असते. ऊसतोडीची टोळी शेजाऱ्याच्या फडात येऊन थबकलेली असते, मुकादम फोन उचलत नाही आणि कारखान्याचा स्लीपबॉय उचलतो तो ‘उद्या बघू’ म्हणण्यापुरता. अशा माणसाला ‘सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन निसर्गात जा’ असा सल्ला दिला, तर तो सल्ला देणाऱ्याकडे नुसता बघत राहतो. निसर्गातूनच तर तो नुकताच घरी आलेला असतो.

यातून वाट काढायची तर आधी रानाचे दोन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात : आपले रान आणि दुसऱ्याचे रान. आपल्या रानात आंब्याखाली सतरंजी टाकून सगळे जेवायला बसले, तर कर्त्या पुरुषाला पहिल्या घासाआधीच ठिबकची फुटलेली नळी दिसते. तो ‘आलोच’ म्हणून उठतो. नळीला गाठ मारताना व्हॉल्व्ह अर्धाच उघडल्याचे ध्यानात येते. व्हॉल्व्हपाशी गेल्यावर शेजाऱ्याने बांध आणखी वीतभर कोरल्याचे दिसते. तासाभराने तो परततो तेव्हा पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यात बांधाचे भांडण आणि डब्यात गार पिठले एवढेच शिल्लक असते. हाच माणूस दुसऱ्याच्या रानात, तसल्याच आंब्याखाली बसलेला असताना तशीच फुटलेली नळी बघतो आणि म्हणतो, “आरं, त्येंची नळी फुटलीय बघ.” मग शांतपणे दुसरी भाकरी घेतो. ताण उतरल्याची याहून खात्रीची खूण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेली नाही.

शास्त्र या निष्कर्षाच्या जवळपास मात्र पोचले आहे. मिशिगन विद्यापीठातल्या रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ च्या आपल्या ग्रंथात शिणलेले मन निसर्गात ताजेतवाने का होते, याची चार कारणे मांडली. त्यातले एक म्हणजे रोजच्या व्यापापासून दूर जाणे. किती दूर, ते किलोमीटरमध्ये दिलेले नाही. लासुर्ण्याच्या हिशेबाने आपल्या मोटारीचा आवाज कानावर पडणार नाही, एवढे पुरते. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये असे दिसून आले की, आठवड्याला १२० मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि मन दोन्ही तुलनेने बरे असतात. इथला शेतकरी सोमवारच्या न्याहारीआधीच ही १२० मिनिटे भरून टाकतो, आणि तरी बीपीची गोळी चालूच असते. याचा उलगडा त्याच अभ्यासात आहे : स्वतःच्या घरच्या बागेत घालवलेला वेळ अभ्यासकांनी त्यात धरलाच नव्हता. इंग्रजांनाही आपले रान आणि दुसऱ्याचे रान यांतला फरक कळलेला दिसतो.

जपानी सरकारने १९८२ पासून ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, या नावाने लोकांना जंगलात निवांत फिरायला पाठवण्याचा पुरस्कार केला. ती पद्धत लासुर्ण्यात आणताना जपून आणावी. इथे गर्द असे जे काही आहे तो ऊस आहे, आणि बारा फूट वाढलेल्या उसात स्नान केल्यास पाते कातडी चिरते, कूस अंगभर टोचते आणि घरी येऊन खऱ्या पाण्याने दुसरे स्नान करावे लागते.

या उसाचे मूळ नीरा डाव्या कालव्यात आहे. १८८० च्या दशकात सुरू झालेल्या या कालव्याने पर्जन्यछायेतल्या बारामती-इंदापूरच्या मोठ्या पट्ट्याला बागायत केले. पुढे जवळच वालचंदनगर आणि भवानीनगरचे साखर कारखाने उभे राहिले. कालव्याने समृद्धी आणली, पण क्षितिज नेले. दिवाळीच्या सुमारास गावच्या वाटेवरून चालले तर दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती आणि वर आभाळाची एक पट्टी, एवढेच दिसते. डोळ्याला लांबवर बघायला मिळत नाही. पोटाला पाणी आणि डोळ्याला आडोसा, असा हा सौदा आहे. म्हणून संध्याकाळी पाय मोकळे करायला लोक कालव्याच्या भरावावर जातात : तिथून थोडे लांबचे दिसते आणि वारा लागतो. आवर्तन चालू असताना पाणी वेगात असते, काठ उतरता आणि निसरडा असतो, त्यामुळे ‘कडंला जाऊ नको रं’ हा घोष आया अखंड करत असतात. ताण घालवायला आलेल्या आईचा ताण इथे वाढतो, ही या जागेची उणी बाजू आहे.

याहून लांब जायचे तर प्रश्न अंतराचा नसून गाईचा असतो. घरात दोन-तीन जर्सी असल्या की सकाळची धार आणि संध्याकाळची धार या दोन खुंट्यांच्या मधेच कुटुंबाचे सगळे विश्रांतिजीवन बसवावे लागते. दूध डेअरीत घालून, वैरण टाकून, आंघोळी उरकेपर्यंत नऊ होतात, आणि चार वाजता परतीची घाई सुरू होते. गाईला शनिवार-रविवार कळत नाहीत. शेजाऱ्याला ‘आजच्या दिवस धार काढा’ म्हणावे, तर त्याच्या बदल्यात त्याच्या सहलीच्या दिवशी त्याच्या गाई आपल्या गळ्यात पडतात, आणि त्याच्याकडे पाच असतात.

वाराचेही बघावे लागते. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकादशीला आजीचा उपास. माळकरी चुलते कुठल्याच वारी मटणाच्या पंगतीला बसत नाहीत. यातून जो दिवस उरतो त्या दिवशी कुणाच्या तरी पाहुण्यांत सुपारी फुटायची असते. तरीही कधीतरी दिवस ठरतो. ‘सकाळी सातला निघायचं’ असेही ठरते. साताला गाडी दारात उभी असते, साडेसाताला गाडीत दोन पोरे बसलेली असतात, आठाला तीच पोरे उतरून परत खेळायला गेलेली असतात. साडेनऊला वडील ‘आता न्हाई जायचं, ऱ्हाऊ द्या’ असे जाहीर करतात. या घोषणेनंतर साधारण वीस मिनिटांत गाडी हलते. घोषणेशिवाय गाडी हलल्याचे उदाहरण ऐकिवात नाही.

बोलेरोत किती माणसे बसतात, हे कंपनीच्या कागदावर एक असते आणि आत्याबाईंच्या मते दुसरे. मागे पाण्याचा जार, सतरंज्या, दशम्यांचे गाठोडे, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, दह्याचे सट, गॅसची लहान शेगडी आणि ‘असू द्या, लागंल’ या सदरातल्या सात-आठ वस्तू असतात. सगळे स्वयंपाकघर चाकांवर चढते, आणि त्याच्याबरोबर स्वयंपाकघरातली बाईही. सहलीच्या दिवशी ती चारला उठते. एरवी पाचला उठते. निसर्गरम्य ठिकाणी पोचल्यावर पुरुष सतरंजीवर आडवे होऊन ‘काय हवा हाय’ म्हणतात, तेव्हा ती वाऱ्याला पाठ करून शेगडी पेटवत असते, म्हणजे हवा तिच्याही वाट्याला येते, फक्त वैरी म्हणून. कुटुंबाचा ताण किती उतरला हे मोजणाऱ्याने आधी ताट कोणी वाढले हे विचारावे. भांडी घासायला घरीच नेली जातात, ही सुधारणा समजायची.

घराबाहेर पडायला सबळ कारण लागते आणि जुन्या लोकांनी ते देवाच्या खात्यावर टाकून ठेवले आहे. ‘फिरायला जातो’ म्हटले की घरातले तात्या विचारतात, “रिकामटेकडं झालाय का?” ‘नीरा नरसिंहपूरला जाऊन येतो’ म्हटले की तेच तात्या कोपरीवर सदरा चढवून आधी गाडीत बसतात. नीरा आणि भीमा यांच्या संगमावरचे, इंदापूर तालुक्याच्या टोकाचे हे लक्ष्मी-नृसिंहाचे ठिकाण : दर्शनाला थोडा वेळ, घाटावर बसायला दोन तास. जेजुरी आणि शिखर शिंगणापूर यांचाही असाच उपयोग होतो. कार्तिकातल्या आवळा नवमीला तर आवळ्याच्या झाडाखाली जेवणे हे पुण्यकर्मच ठरवले आहे. तणावमुक्तीचा सल्ला कुणी ऐकत नाही, पुण्य मात्र चुकवायला कोणी तयार नसतो. जुन्या लोकांनी माणसाची नस बरोबर ओळखली होती.

या भागातले सर्वांत मोठे कौटुंबिक बाहेर पडणे लासुर्ण्याच्या दारावरूनच जाते, आणि त्याला सहल म्हणण्याची कुणाची छाती नाही. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी बारामतीनंतर याच रस्त्याने इंदापूरकडे जाते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण, आणि मग पालखी लासुर्ण्यात. बेलवाडीच्या रिंगणाला माणूस सकाळपासून जागा धरून उन्हात उभा राहतो. अश्व धावून गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला एकच झुंबड उडते. सरकारी कचेरीत अर्धा तास उभे केले तर हीच माणसे संतापतात. त्या दिवशी मोटार बघायला कुणी जात नाही, लाईट आली की गेली हेही कुणी विचारत नाही. आणि दिंडीत चालणाऱ्या बायांकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. डोक्यावर तुळस आणि खांद्याला पिशवी एवढ्याच सामानावर त्या अडीच-तीन आठवडे घराबाहेर असतात. मागे घरात कालवण कोण करते, याची चौकशी त्या करत नाहीत. सुनेला आणि सासूला वर्षातून मिळणारी एवढी लांब रजा दुसऱ्या कुठल्या खात्यात मंजूर होत नाही.

हिवाळ्यात पाहुण्यांना घेऊन भिगवणच्या बाजूला जायची चाल आता पडली आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले, त्याच्या फुगवट्याने पळसदेवचे जुने देऊळ पोटात घेतले (पाणी उतरले की ते अजून डोके वर काढते) आणि उथळ काठांवर पक्षी येऊ लागले. कुंभारगाव आणि डिकसळला होड्या मिळतात. डिसेंबरपासून रोहित पक्ष्यांचे थवे गुडघाभर पाण्यात डोके उलटे घालून चरताना दिसतात. त्यांच्या शेजारी पट्टकदंब हंस असतात. हा हंस हिमालय ओलांडून येतो आणि बरोबर काहीही आणत नाही. लासुर्ण्याहून कुंभारगावला तासाभरात पोचणाऱ्या कुटुंबाला त्याच्यासमोर जार आणि गाठोडी उतरवताना थोडा संकोच वाटायला हवा. होडीत पहिली पाच मिनिटे सगळे पक्ष्यांकडे बघतात. पुढची दहा पक्ष्यांकडे पाठ करून फोटो काढण्यात जातात. त्यानंतर चिलापी तळलेली घ्यायची की रस्सा, यावर होडीतच चर्चा सुरू होते आणि माळकरी चुलते पाण्याकडे तोंड फिरवून बसतात. पक्षी मनापासून पाहतात ते तेवढे चुलतेच.

कडबनवाडीचे गवताळ रान हा खरे तर लासुर्ण्याच्या माणसाला सर्वांत चांगला उतारा आहे, आणि तोच त्याला सर्वांत कमी मानवतो. इंदापूर तालुक्यातलेच हे माळरान. उसाची भिंत नाही, मोटार नाही, नजर जाईल तिथवर पिवळे गवत आणि त्यात चिंकारा, खोकड, नशीब असेल तर लांडगा. वनविभागाने आता इथे गवताळ सफारी सुरू केली आहे. चिंकारा दिसायला शांतता लागते, आणि बारा माणसांच्या गाडीत शांतता ठेवायची म्हणजे कुणीतरी आधी मोठ्याने ‘गप बसा’ ओरडावे लागते. ते ओरडणे चिंकाऱ्यालाही ऐकू जाते. मग रिकाम्या माळाकडे बघत वडील बराच वेळ उभे राहतात. त्यांचा चेहरा निवळलेला दिसतो, आणि आता ते काहीतरी हळवे बोलणार असे वाटत असतानाच ते म्हणतात, “एवढी जमीन पडीक ठिवलीय. कालव्यावनं पाइपलाइन टाकली आसती, तर खोडवासुद्धा एकरी साठ टन गेला आसता.” दुसऱ्याचे रान क्षणभर आपले झाले की ताण परत येतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा देता येणार नाही.

शहरातली मंडळी याच्या बरोबर उलट दिशेने येतात. बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये कृषी पर्यटन केंद्र सुरू केले, पुढे राज्यात अशी केंद्रे वाढत गेली आणि २०२० मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरणही ठरवले. पुण्याचे कुटुंब पैसे मोजून बैलगाडीत बसते, पाटाच्या पाण्यात पाय सोडते, गाईची धार काढून बघते आणि ताजेतवाने होऊन जाते. त्याच रविवारी बैलगाडीवाल्याचे कुटुंब पुण्याच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावरून वर-खाली करून ताजेतवाने होते. दोन्ही कुटुंबे वाटेत कुठेतरी एकाच टोलनाक्यावर एकमेकांना ओलांडत असावीत. दोघांचेही बरोबर आहे, कारण दोघेही दुसऱ्याच्या रानात जात असतात.

आता हुरडा. लासुर्णेकराला खरोखर मानवलेला उपाय हाच, आणि त्याची कारणे चुलीशी निगडित आहेत. रब्बीची ज्वारी कोवळ्या, दुधाळ दाण्यावर आली की जिरायती भागातल्या एखाद्या पाहुण्याचा फोन येतो. ज्याचा सगळा ऊस आहे त्याच्याकडे हुरडा नसतो, म्हणून जावे लागते ते दुसऱ्याच्याच रानात. पहिली अट आपोआप पुरी होते. भाकरीची मालदांडी वेगळी आणि हुरड्याची ज्वारी वेगळी. हुरड्याला सुरती किंवा गूळभेंडी चांगली, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले मधुर हे वाणही खास त्यासाठीच काढलेले आहे.

बांधाच्या आडोशाला वीतभर खोल खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवतात, ही आगटी. धूर सरून निखारा झाला की कणसे देठ बाहेर ठेवून राखेत खुपसायची, फिरवत राहायची. जास्त राहिली तर करपतात, कमी राहिली तर दाणा सुटत नाही. कणीस बाहेर काढले की ते गरम असतानाच तळहातावर किंवा गोणपाटावर चोळायचे, कूस फुंकायची, आणि वाफाळलेले हिरवे दाणे समोरच्याच्या ओंजळीत टाकायचे. गार झाल्यावर त्यात चव नसते. म्हणजे चोळणारा भाजत आणि चोळत राहतो, आणि बाकीच्यांनी खात राहायचे. आगटीपाशी बसायचा मान या भागात पुरुषांचा असतो. निखाऱ्याने तोंड लाल झालेले, तळहात पोळलेले तात्या कणीस चोळतात आणि पहिली ओंजळ त्या बाईपुढे करतात, जिने वर्षभर सगळ्यांचे झाल्यावर गार भाकरी खाल्लेली असते. ती सवयीने उठायला बघते. “आवं, पोरांना द्या आधी.” “तू बस गं. गार हुतंय.” वर्षातून एकदा गरम गरम आणि बसल्या जागी खायला मिळते. बरोबर शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, हरभऱ्याचे डहाळे आणि बोरे असतात. त्यातले शिजवावे असे काही नसते. जार असतो, पण हुरड्यावर पाणी पिऊ नये, ताक प्यावे, असा जाणत्यांचा दंडक असल्यामुळे तो तसाच परत जातो. खाल्ल्यावर कुणी बोलत नाही. पोरे ढेकळे फेकतात, मोबाइल खिशातच राहतो, कारण हात राखेने भरलेले असतात. उसाच्या बिलाचा विषय कुणीतरी काढतो आणि कुणीच तो पुढे नेत नाही. साडेतीन वाजता कुणाला तरी गाई आठवतात.

हुरडा साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतच मिळतो. फेब्रुवारीत दाणा टणक होतो. त्यानंतर येणाऱ्या पाहुण्यांना ज्वारीची भाकरीच वाढावी लागते, आणि ती आगटीत होत नाही.